बुरशीबाई

"सुई आरपार नको. नुसती साल फाटली पाहिजे. मग त्यावर थेंब."

बुरशीबाईने बहिणीच्या हातातले टोमॅटोचे पान आपल्याकडे ओढले, शिरेजवळ टोचले आणि जखमेवर ड्रॉपरने एक थेंब ठेवला. थेंब पाण्यासारखा नितळ दिसत होता. त्यात करड्या बुरशीचे हजारो बीजाणू होते. चार दिवसांत तिथे डाग पडणार होता, मग पान सडणार होते.

"दुखत असेल का गं त्याला?" धाकटीने विचारले. तिचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"झाडाला तोंड नाही. दुखलं तरी सांगणार कुणाला?"

"तोंड असून मी तरी कुठं सांगितलं?"

बुरशीबाईने पुढचे पान हातात घेतले.

त्या संशोधन केंद्राच्या काचघरात झाडांना रोग लावायचे काम ती तरुणपणापासून करत आली होती. रोग लावल्याशिवाय कोणते झाड तग धरते हे कळणार कसे? 'बुरशीबाई' हे नाव कामगारांनी थट्टेने ठेवले, पुढे साहेबही त्याच नावाने हाक मारू लागले आणि ती ओ देऊ लागली. डागाचे माप ती पट्टीवर दिसेल तसे सांगे. नको तो आकडा आला तरी त्यात तिने कधी इकडचे तिकडे केले नव्हते. लग्न केले नाही. कुणी विचारलेच तर म्हणे, "एक मारणारा लहानपणी घरात बघितला. दुसरा मुद्दाम शोधून आणू?" त्यांचा बाप पट्ट्याने मारायचा. आई 'सोस' म्हणायची आणि सोसता सोसताच ती गेली. धाकटीने मात्र हौसेने लग्न केले, एका वेल्डरशी. गेल्या महिन्यात ती एका चपलेनिशी ताईच्या दारात उभी राहिली. मनगट मोडलेले, ओठ फाटलेला. ताईने तिला दवाखान्यात नेले, पोलीस चौकीत नेले आणि मग डॉक्टरबाईंना विचारून रोज आपल्याबरोबर काचघरात आणू लागली. घरी एकटी ठेवायची तिची छाती होत नव्हती.

डॉक्टरबाई म्हणजे काचघरातल्या शास्त्रज्ञ. त्यांचा या वेळचा प्रयोग बुरशीबाई धाकटीला सांगत होती. टोमॅटोचे पान फाटले, किडीने कुरतडले की झाड आतल्या आत एक संप्रेरक बनवते. ते झाडभर निरोप नेते: सावध व्हा. मग झाड पानांत विषारी रस साठवू लागते, बुरशीला सुखासुखी आत शिरता येत नाही. तेच संप्रेरक जखमेच्या आधीच फवारले तर? म्हणून अर्ध्या झाडांवर ते फवारले होते, अर्ध्यांवर नुसते पाणी. फवारलेल्या रांगेला जाईच्या फुलांसारखा मंद वास येत होता.

धाकटी हसली. "म्हणजे मार खाल्ला की बळ येतं? मग मी तर लोखंडाची व्हायला हवी होते."

"नीट बघ जरा. फवारलेल्यांवर डाग कमी पडतात, पण ती खुरटी राहतात. सगळं बळ लढण्यातच संपतं, फळ कशाच्या जोरावर धरणार? आणि त्यांना पाय नाहीत म्हणून उभी आहेत ती. तुला पाय होते. तू आलीस."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कामगार पांगले. दोघी तेवढ्या आत राहिल्या. तेव्हाच वेल्डर फाटकातून आत आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. "बिजागरी जोडायला बोलावलंय," म्हणाला आणि रखवालदाराने त्याला सोडले. वेल्डरला कोण अडवतो?

काचघराचे दार त्याने आत येऊन लावून घेतले.

"चल घरी," तो धाकटीला म्हणाला. आवाज अगदी मऊ. "पोळून घेतलं मी हाताला. दोन घास करून घालणारं कुणी नाही. चल."

धाकटीने हातातला कुंड्यांचा ट्रे खाली ठेवला.

"ती येणार नाही," बुरशीबाई म्हणाली. "चौकीत लिहून दिलंय. तू आल्या वाटेनं जा."

"मी माझ्या बायकोशी बोलतोय. तू मध्ये तोंड घालू नकोस, वांझोटे."

"मी नाही येत," धाकटी म्हणाली. पुटपुटल्यासारखी, पण म्हणाली.

त्याने ट्रेला लाथ मारली. कुंड्या फुटल्या. धाकटीचा प्लास्टरमधला हात धरून त्याने तो लोखंडी मांडणीच्या कडेवर आपटला. एकदा, पुन्हा एकदा. प्लास्टर तडकले. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो बुरशीबाईने लहानपणी ऐकला होता, भिंतीपलीकडून, आईचा.

अवजारे पुसायच्या स्पिरिटची पिचकारी तिच्या हाताशीच होती. तिने ती सरळ त्याच्या डोळ्यांत मारली.

तो गुरासारखा ओरडला. पिशवीतून पाइप उपसून आंधळ्यासारखा फिरवू लागला. झाडे देठासकट तुटून उडाली, हिरव्या टोमॅटोंचा चिखल झाला. एक फटका बुरशीबाईच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचे तिने ऐकले, मग तिला दुखले. ती खाली कोसळली. पुढचा फटका भिंतीच्या काचेवर बसला आणि तावदान खळ्ळकन खाली आले. तो मागे सरला, चिखलावरून घसरला आणि चौकटीत उभ्या राहिलेल्या काचेच्या सुळक्यावर मांडीने पडला.

रक्त असे उसळले की त्याचे त्यालाच कळेना काय झाले. "पाणी सांडलं काय?" तो म्हणाला. मग हात लावून पाहिला आणि रडू लागला.

बुरशीबाई सरपटत गेली. झाडे बांधायची सुतळी तिने एका हाताने त्याच्या मांडीभोवती ओढली, टोक दातात धरून आवळली आणि जखमेवर मूठ दाबून गुडघ्याने वर भार दिला. तिच्या बोटांमधून रक्त गरम गरम येत राहिले.

"ताई, सोडू नका मला," वेल्डर म्हणाला. आजवर त्याने तिला ताई म्हटले नव्हते.

धाकटी समोर उभी होती. तिच्या उजव्या हातात त्याचा पाइप होता.

"तायडे, हात काढ."

"नाही."

"काढ म्हणते ना. मरू दे. मेला तर सुटले मी."

"सुटत नाहीस. याच्यापायी जन्मभर आत बसशील. त्यानं मारलं ते कमी पडलं का?"

"तुला याचा पुळका आलाय?"

"माझं हाड मोडलंय गं यानं! पुळका कसला! रखवालदाराला हाक मार. जा!"

धाकटी गेली नाही. ती वाकली, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. तो "चुकलं, चुकलं" म्हणत होता. हे शब्द तिने पुष्कळदा ऐकले होते. जमिनीवर पसरलेल्या त्याच्या उजव्या हातावर तिने पाइप घातला. एकच घाव, पण सगळे अंग त्यात ओतून. बोटे वेडीवाकडी झाली. त्याची शुद्ध गेली.

मग तिने पाइप बाजूला टाकला आणि दाराशी जाऊन बोंब ठोकली. हाक ऐकून अख्खे आवार धावत आले.

वेल्डर वाचला. दवाखान्यातल्या त्याच्या खोलीबाहेर शिपाई बसवला. दोन मजले खाली बुरशीबाईचा जबाब घ्यायला फौजदार आला. तिने सगळे क्रमाने सांगितले. पिचकारीही लपवली नाही.

"आणि त्याचा हात कसा मोडला? तो म्हणतो, बायकोनं पाइप घातला."



"तावदान पडलं वरून," ती म्हणाली.

"तुम्ही पाहिलंत?"

"तिथंच होते मी. माझ्या डोळ्यांदेखत पडलं."

फौजदाराने लिहून घेतले. अंगठ्याला शाई लावू का, असे विचारले. "सही येते मला," ती म्हणाली आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

डॉक्टरबाई भेटायला आल्या, तेव्हा तिने आधी झाडांचे विचारले.

"सगळी जाळावी लागली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फवारलेली कुठली, साधी कुठली, काही कळेना. पुन्हा बियाण्यापासून सुरुवात. तुम्ही बऱ्या होऊन या."

"हात खांद्याच्या वर जाणार नाही म्हणतात."

"झाडं काय खांद्याच्या वर असतात?" डॉक्टरबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. हसताना बुरशीबाईचे हाड कळवळले.

त्या गेल्यावर धाकटी फणी घेऊन आली. हाताला नवे प्लास्टर होते, आधीपेक्षा जाड. ती पलंगावर ताईच्या पाठीमागे बसली आणि हळूहळू विंचरू लागली. केसांतून काचेची बारीक कच निघत होती. एकेक कण ती बोटाने टिपून वाटीत टाकत होती.

"तू खोटं का बोललीस, ताई?"

"डोकं हलवू नको म्हणतेस आणि तूच बोलायला लावतेस."

धाकटीने पुन्हा विचारले नाही. विंचरून झाल्यावर तिने केसांचे तीन पेड केले, पण एका हाताने वेणी जमेना. पेड निसटत होते. तेव्हा बुरशीबाईने आपला धड हात मानेमागे नेला आणि एक पेड धरून ठेवला. धाकटीने दुसरा त्यावरून घेतला, तिसरा आतून काढला. "आता हा धर," ती म्हणाली. ताईने तो धरला.