भट्टीची भिंत

सांगलीजवळच्या कचरा जाळायच्या प्लांटवर राजेश्वरी कामाला होती. तिचा नवरा लालासाहेब रोज दुपारी डबा घेऊन यायचा. फौजेत असताना बर्फात त्याची बोटं आखडली होती. भट्टीच्या तापल्या भिंतीला तळवे लावले, की तेवढ्यापुरती ती सुटायची.

नव्या इंजिनिअरनं विचारलं, “मावशी, उष्णता वाया कुठून जाते?”

तिनं मोठ्या कौतुकानं तीच भिंत दाखवली. महिन्याभरात भिंतीवर जाड अस्तर चढलं, डिझेल वाचलं आणि राजेश्वरीला शाल मिळाली.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबानं त्या गार भिंतीला तळवे लावले.

“आवं, ऊब हाय का?”

“हाय की, शालवाल्या बाईसाहेब!”

मग तो जेवायला बसला. डब्याचं झाकण काही त्याला उघडेना. तिनं ते उघडलं, त्याचे हात शालीत गुंडाळले आणि घास भरवला.