काय नाय पिकत

सरकारी माणसाशी खरं बोलेल तर तो माझा नवरा कसला! लढाईच्या दिवसांत सरकारसाठी सक्तीने धान्य गोळा करणारे लेव्हीवाले यायचे आणि घरातला भात उचलून न्यायचे. तेव्हापासून क्लेमेंटला एकच उत्तर पाठ: "काय नाय पिकत, साहेब." पुढे लेव्ही बंद झाली, पण सवय काही सुटली नाही.

एके दिवशी अंधेरीच्या आमच्या गावठाणात एक पोरगेलासा अधिकारी सायकलवरून आला. माती कशी, पाणी कुठवर येतं, पिकतं काय, हे तो शेतात राबणाऱ्यांनाच विचारत फिरत होता. म्हणाला, तुम्ही सांगाल ते खरं. मला पोरगा आवडला. मी त्याला तांदळाची गरम भाकरी वाढली.

"तांदूळ घरचा का?" त्याने विचारलं.

"बायकोचे म्हायेरचा," क्लेमेंट पटकन म्हणाला. "आमचे शेतान काय नाय पिकत, साहेब. खारा पानी शिरते."

पडवीत भाताची कणगी काठोकाठ भरलेली, आणि तिच्यावर गोधडी टाकून हा शहाणा तिलाच टेकून बसला होता! मी तोंड उघडणार तोच त्याने असे डोळे वटारले की मी भाकरीच थापत राहिले. शेजारच्या ह्युबर्टनेही साहेबाला तेच सांगितलं. साहेब गेल्यावर दोघं पोट धरून हसले.

पुढच्या वर्षी नोटीस आली. जमीन नापीक, म्हणून कारखान्यांसाठी घेणार. भाताच्या लोंब्या मुठीत धरून क्लेमेंट कचेरीत धावला, मागोमाग मी. टेबलामागे तोच पोरगा होता. त्याने लोंब्या हातात घेऊन पाहिल्या आणि त्याचा चेहराच उतरला.

"काका, माझे साहेब म्हणत होते, शेतं चांगली दिसतात. मीच त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, तिथे राबणारा माणूस खोटं कशाला सांगेल?"

क्लेमेंटने त्याच्या हातातून लोंब्या परत घेतल्या.

आता तिथे कारखाना आहे आणि क्लेमेंट त्याच्या फाटकावर वॉचमन. मी विकतचा तांदूळ निवडते. कधीकधी वाटतं, यातले खडे त्याच्याच ताटात वाढावेत.

परवा त्याचा डबा घेऊन गेले, तर एक नवा कामगार त्याला विचारत होता, "काका, इथं आधी काय होतं?"

क्लेमेंटने कारखान्याच्या भिंतीकडे पाहिलं. "काय नाय," तो म्हणाला. "काय नाय पिकत होता."

मी डबा दाणकन खाली ठेवला. "पिकत होता!" मी ओरडले. "भात पिकत होता! या हातांनी कापलाय मी!"

पण भोंगा झाला होता. तो कामगार केव्हाच आत गेला होता.