उंच पिशवी

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापुढे एक जुनी चादर अंथरली जायची आणि तिच्यावर सात पिशव्या मांडल्या जायच्या. घाऊक दुकानातून आणलेलं पीठ, तांदूळ, डाळ आणि साखर त्या सात पिशव्यांत वाटायचं काम वहिनींचं. वहिनी म्हणजे कुणा एकाची वहिनी नव्हे, अख्ख्या इमारतीची. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, घरात दोन वाढती मुलं, आणि हात असा की डोळे मिटून मापाचा मग पिठात बुडवला तरी मूठभर इकडचं तिकडे व्हायचं नाही, अशी ख्याती.

किरकोळ दुकानातून महिनाभर पुड्या आणण्यापेक्षा पोत्याने घेतलं तर बरीच बचत होते, हे चार घरांना एकदमच सुचलं होतं. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या दोन पिशव्या, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या सिस्टरच्या दोन, वहिनींच्या दोन, आणि वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या घड्याळवाल्या काकूंची एक. काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेले, दुकान गेलं, नाव तेवढं काकूंना चिकटून राहिलं.

सुरुवातीला तराजू होता. मग कुणाचा तराजू खरा यावरून ताई आणि सिस्टर यांच्यात अशी जुंपली की महिनाभर दोघी एकमेकींना जिन्यात वाट देईनात. तेव्हा तोडगा काढला तो काकूंनीच. "तराजू ठेवा माळ्यावर," त्या म्हणाल्या. "जी वाटेल, ती शेवटी उचलेल. कमी-जास्त झालंच तर तिच्याच नशिबी. मग बघा कशी काट्यावर वाटणी होते ती." आणि तसंच झालं. वाटणारी शेवटी उचलणार म्हटल्यावर कुणी मोजून बघायच्या भानगडीत पडलं नाही. वाटायला वहिनी बसल्या त्या कायमच्याच.

"वहिनी, तुमच्या हातात वजनकाटा बसवूनच देवाने पाठवलंय तुम्हाला," ताई दर खेपेला म्हणायच्या, आणि वाकून, दाबून, उचलून बघून दोन पिशव्या निवडायच्या. कापड घेतानाही त्या अशाच ताणून बघत. सिस्टर ड्यूटीवरून दमून यायची आणि हाताला येतील त्या दोन उचलून चालती व्हायची. मग काकू. काकूंची कंबर वाकत नसे. कुणी पिशवी वर नेऊन देतो म्हटलं तर त्यांना राग यायचा. "अजून हातपाय आहेत मला," म्हणायच्या, आणि एका पायरीवर पिशवी ठेवून, दम खाऊन, पुढची पायरी चढायच्या.

झालं ते असं. मागच्या हिवाळ्यात वहिनींच्या नवऱ्याच्या कंपनीची मोठी कामं सुटली. कुणाला काढलं नाही, पण आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसवलं. पगारही तसाच निम्मा. ही गोष्ट वहिनींनी इमारतीत कुणाला कळू दिली नाही. नवरा सुट्टीच्या दिवशीही कामाचे बूट घालून सकाळी बाहेर पडायचा आणि कुठल्या तरी बागेत बसून परत यायचा. घरात पोटाला चिमटा, बाहेर ताठ मान. मुलं मात्र वाढायची थांबत नव्हती. मोठ्या मुलीची भूक तर अशी की ताटातलं संपलं की ती पातेल्याकडे बघायची, आणि आईचं लक्ष आहे असं दिसलं की पाणी प्यायची.

त्या महिन्यात एक पिशवी फाटलेली निघाली. वहिनींनी घरातली जुनी, अरुंद, लांबोडकी पिशवी आणून तिच्यात सातवी वाटणी भरली. ती इतरांपेक्षा हातभर उंच उभी राहिली. काकूंनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. तिचं तोंड पकडायला वाकावं लागत नव्हतं.

"ही बरी आहे गं," काकू म्हणाल्या. "म्हाताऱ्यांसाठीच शिवलेली दिसते."

घरी आल्यावर वहिनींच्या लक्षात आलं, की अरुंद पिशवीत कमी माल टाकला तरी उंच दिसतो. आपण घाईत तिच्यात एक मग कमी टाकला होता, आणि तो एक मग आपल्या बुटक्या पिशवीत आहे. तो वर नेऊन द्यावा असं त्यांना वाटलं. पण मोठी पातेल्याजवळ उभी होती. आज नको, उद्या देऊ, असं म्हणत तो मग शिजून गेला.

पुढच्या महिन्यात तीच पिशवी बाहेर निघाली. या वेळी घाई नव्हती. आपल्या दोन पिशव्या वहिनी मांडीआड ठेवायच्या, म्हणजे कुणाच्या हाताला न लागता त्या शेवटी उरायच्या, आणि त्यांच्यासाठी मग ठोकून, पीठ बसवून भरायच्या. उंच पिशवीसाठी पीठ वरून सैल सोडायचं, म्हणजे ते फुलून येतं. तांदळाचा मग काठाच्या खाली, डाळीचा त्याहून खाली. ताईंच्या पिशव्यांना हात लावायची त्यांची छाती नव्हती, ताई उचलून बघतात. सिस्टर कुठली उचलेल याचा नेम नाही. उरल्या काकू, आणि उंच पिशवी आता त्यांचीच म्हणून ठरून गेली होती. वहिनी स्वतःशी म्हणायच्या, एकटा जीव, खाऊन खाऊन किती खाणार? हे वाक्य त्यांना इतक्या वेळा म्हणावं लागलं की शेवटी शेवटी त्या ते भांडी घासतानाही पुटपुटायला लागल्या.

एका दुपारी काकू खाली आल्या. हातात रिकामी वाटी, चेहरा ओशाळलेला.

"अगं, वाटीभर पीठ देतेस का? पुढच्या वाटणीत वळतं करून घे."

"वळतं कसलं काकू, घेऊन जा." वहिनींनी वाटी शीग लावून भरली.

काकू जाईनात. दाराच्या चौकटीला धरून म्हणाल्या, "एक विचारू? हसू नकोस. काल मी दोनदा स्वयंपाक केला का गं? वास वगैरे आला होता का तुला?"

"दोनदा? छे हो. का?"

"नाही, डबा तळाला गेलाय. अजून अर्धा महिना पुढे आहे. पूर्वी मला पुरून उरायचं, पाखरांना टाकायचे मी. आता पाखरांनाही टाकत नाही. मग जातं कुठे? मला वाटतं, मी जेवते आणि विसरते, आणि पुन्हा जेवते." त्या हसल्या, पण डोळे वहिनींच्या तोंडावरच होते. "माझी आई अशीच झाली होती शेवटी. ताट उचललं की विचारायची, आज जेवायला नाही का?"

"काहीतरीच काकू. वयाने होतं थोडं इकडेतिकडे," वहिनी म्हणाल्या.

'थोडं इकडेतिकडे' म्हणायला नको होतं, हे त्यांना दार लावल्यावर कळलं. काकू ते तेवढंच घेऊन वर गेल्या होत्या.

त्यानंतर वहिनींनी उंच पिशवीत माल वाढवायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण त्याच आठवड्यात नवऱ्याचे आणखी दिवस कापले गेले. "पुढच्या महिन्यापासून," वहिनी स्वतःला म्हणाल्या. तो पुढचा महिना काही आला नाही. काकूंनी दरम्यान वेगळं राहणाऱ्या आपल्या मुलाला फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. आई काही लपवणाऱ्यातली नव्हती, आणि मुलगा काही टाळणाऱ्यातला नव्हता. तो आला, त्याने डबे उघडून बघितले, सिस्टरला गाठून विचारलं. सिस्टरने जे असेल ते सांगितलं: या वयात खाल्लेलं विसरणं हे चांगलं लक्षण नाही, एकटं ठेवू नका, गॅस आहे घरात.

आठ दिवसांत त्याने जागा शोधली. म्हाताऱ्या माणसांची देखभाल होते असं ठिकाण, शहराबाहेर, एका खोलीत तिघी. खोली रिकामी करून द्यायचं घरमालकाला कळवलंही.

काकू जाणार त्या दिवशी मुलगा खोकी आणायला खाली उतरला, तशा वहिनी वर गेल्या. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. काकू पलंगावर बसून यजमानांची हत्यारं फडक्यात गुंडाळत होत्या. बारीक चिमटे, भिंगं.

"ही तिथे काय करायची म्हणा," काकू म्हणाल्या. "पण टाकवत नाहीत."

"काकू, तुम्ही काही विसरत नाही." वहिनी उभ्याउभ्याच बोलल्या, बसल्या असत्या तर जमलं नसतं. "तुम्ही दोनदा जेवत नाही. मी पिशवीत कमी भरायचे. तुमच्या. ती उंच पिशवी. त्यात मी कमी भरायचे आणि ते माझ्या घरात यायचं. ह्यांचं काम निम्म्यावर आलंय, हिवाळ्यापासून."

काकूंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "किती दिवस?"

"हिवाळ्यापासून."

"दर महिन्याला?"

वहिनींनी मान डोलावली. आता शिव्या येतील, आणि याव्यात, अशा तयारीने त्या उभ्या राहिल्या. पण काकू हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे डोकं शाबूत आहे माझं! अगं भवाने, मी रात्र रात्र जागून आठवत बसायचे, सकाळी काय खाल्लं, दुपारी काय खाल्लं. मेले मी या विचाराने." त्यांनी वहिनींचा हात घट्ट धरला. "तुझ्यावर रागवायचं ते मी नंतर रागवेन, सवडीने. आधी त्याला सांग. हे असंच्या असं सांग. म्हणजे जायला नको मला."

जिन्यात पावलं वाजली. मुलगा खोकी घेऊन आला. त्याच्या मागे ताई होत्या, हातात चिकटपट्टी आणि कात्री, मदतीला म्हणून आलेल्या. त्या दारातच थांबल्या.

"ऐक, ही काय सांगते ते ऐक," काकू म्हणाल्या. "सांग गं."

वहिनींनी ताईंकडे बघितलं. मग मुलाकडे. "त्या पिशवीत," त्या म्हणाल्या, "पीठ जरा कमी जायचं. माझ्या हातून."

मुलाने खोकी खाली ठेवली. तो चिडला नाही. दमलेला माणूस जसा समजुतीने बोलतो तसा बोलला. "वहिनी, आईने सांगायला लावलं ना तुम्हाला? परवा सिस्टरना पण गळ घातली होती, मी ठणठणीत आहे म्हणून सांग याला."

"ते वेगळं," काकू म्हणाल्या. "हे खरं आहे. हिने चोरलंय."

"आई!"

"अहो काकू, काय बोलताय?" ताई दारातून म्हणाल्या. "वहिनी चोरतील? शेवटी उचलतात त्या. इतकी वर्षं आम्ही डोळे मिटून घेतोय त्यांच्या हातचं. उद्या म्हणाल मीच तुमचं कापड चोरलं." आणि मुलाकडे वळून हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे पण त्यातलंच असतं हो. माझी आत्या घरच्यांवर आळ घ्यायची."

"मला कळतं," मुलगा म्हणाला. "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तिच्यासाठी स्वतःवर घेताय, हेही मला कळतं."

आता फक्त एक वाक्य लागत होतं. ताई ते वाक्य घेऊन खाली उतरल्या असत्या, संध्याकाळपर्यंत ते तळमजल्यावर पोचलं असतं, नवऱ्याच्या बागेतल्या बाकासकट. पुढच्या रविवारी चादर अंथरली गेली असती ती वहिनींशिवाय. मोठी पातेल्याजवळ उभी राहिली असती. वहिनींनी हे सगळं एका दमात बघितलं. मुलगा वाट बघत होता, अगदी सभ्यपणे. वाट मोकळी होती, ती त्यानेच करून दिली होती.

"काकूंना जावंसं वाटत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "एवढंच."

मुलाने मान हलवली. "कुणाला वाटेल?"

काकू वहिनींकडे बघत होत्या. त्या आता ओरडतील असं वाटलं. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या आणि नजर वहिनींवरून सरकून भिंतीकडे गेली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तिने नसेलच सांगितलं काही. मलाच वाटलं असेल."

हे त्या आपल्याला सांभाळून घ्यायला म्हणाल्या की त्यांना खरंच तसं वाटायला लागलंय, वहिनींना कळेना. त्यांनी काकूंचा चेहरा परत परत बघितला. चेहऱ्यावर काही नव्हतं. काकूंनी फडक्याची गाठ मारली आणि हत्यारं मुलाच्या हातात दिली.

"ह्यांची आहेत," त्या म्हणाल्या. "वर ठेव, खाली दबतील."

मुलाने ती खोक्यात वर ठेवली. खोकं जरा जास्तच भरलं होतं, मिटत नव्हतं. "वहिनी, एक मिनिट धरता का?" तो म्हणाला. वहिनी खाली बसल्या आणि त्यांनी खोक्याच्या दोन्ही कडा हातांनी दाबून धरल्या. ताईंनी चिकटपट्टीचं टोक शोधून दिलं, आणि तो पट्टी ओढत राहिला.