शेवटचा फ्लँज

आमच्या ह्यांनी चार वर्षं जेवताना मला फक्त फ्लँज वाढला. फ्लँज म्हणजे नळाच्या तोंडावर आट्यांनी बसवायची जाड चकती. दोन नळांच्या चकत्या समोरासमोर आणायच्या, मध्ये गळती अडवणारं गास्केट घालायचं, बोल्ट आवळायचे की झाला जोड. हावड्याच्या सरकारी कारखान्यात ॲसिडच्या लाइनसाठी स्वीडनहून डुप्लेक्स स्टेनलेस स्टील आलं होतं, आणि ते बसवायचं काम दिगंबर रेग्यांच्या, म्हणजे ह्यांच्या, गळ्यात पडलं होतं.

"हे पोलाद फार मानी आहे, कमल," हे भात कालवत म्हणायचे. "आटे कोरडे ठेवले की एकमेकांना धरून बसतात. टेप गुंडाळायची, वरून लेप लावायचा, सावकाश फिरवायचं. बोल्टची भोकं समोरासमोर आली की थांबायचं. पुढे गेलं तर पुढच्या भोकापर्यंत न्यायचं. मागे आणायचं नाही. मागे आणलं की जोड सैल पडला, गळणारच."

मी ऐकून घ्यायचे, कारण त्या लाइनवर माझी मुलगी अडकली होती. कोलकात्याला आलो तेव्हा मला टायफॉइड झाला, म्हणून दीड वर्षाच्या लीनाला चिंचवडला सासूबाईंकडे ठेवली. मी बरी झाले, पण पिंपरीला बदली होणारच होती, मग कशाला पोरीची ने-आण? ती बदली होता होता लीना शाळेत जायला लागली. शेवटी जनरल मॅनेजर दस्तिदारसाहेबांनी शब्द दिला, लाइन न गळता चालू झाली की बदलीच्या कागदावर सही करतो.

कारखान्याची पद्धत अशी की नव्या लाइनचा शेवटचा जोड मोठ्या साहेबांच्या हातचा. पुरोहित आले, नारळ आला, पान्याला झेंडूची माळ बांधली. ह्यांनी शेवटचा फ्लँज जेमतेम बोटभर फिरवायचा ठेवला होता आणि कुठे थांबायचं तिथे खडूने खूण केली होती. ऑफिसरांच्या बायका पुढच्या रांगेत, त्यात मी.

साहेब देहाने भक्कम. टाळ्या पडल्या तसा त्यांना जोर चढला आणि फ्लँज खूण ओलांडून पुढे गेला.

"जास्त झालं वाटतं," साहेब इंग्रजीत म्हणाले. "जरा मागे घेऊ."

ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझा असा संताप झाला! चार वर्षं मला जे ऐकवलं ते त्या माणसाला एकदा ऐकवायला काय झालं होतं? मी उठले आणि बंगालीत म्हणाले, "साहेब, मागे नको. आम्हा मराठी लोकांत शुभकार्यात उलटं फिरवत नाहीत. प्रदक्षिणा कुणी उलटी घालतं का?"

"फिरवलं तर काय होतं?"

"कर्त्या पुरुषाची प्रकृती बिघडते."

साहेबांना रक्तदाब होता. त्यांनी पुरोहितांकडे पाहिलं. पुरोहितांनी गंभीरपणे मान हलवली. ते उडिया, मराठी लोकांत काय चालतं ते त्यांना कुठून ठाऊक असणार? साहेबांनी पाना पुढे ओढला. पोलाद कण्हलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि "सावकाश, सर," एवढं म्हणाले. साहेबांना वाटलं, ह्यांना त्यांच्या प्रकृतीची काळजी. पुढचं भोक आलं, साहेब थांबले.

मग फिटरांनी समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले, लाइनमध्ये दाबाने पाणी सोडलं आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र पसरलं. संध्याकाळी सगळी पानं कोरडी होती. मी स्वतः हात लावून पाहिलं.

चहाच्या वेळी साहेब खूश होऊन म्हणाले, "रेगे, असा माणूस मी सोडू कसा? अजून दोन लाइनी टाकायच्या आहेत. बदलीचं पुढे बघू."

"येस, सर," हे सवयीने म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. "नो, सर. माझी मुलगी सहा वर्षांची होईल. तिला मी नीट पाहिलेलंसुद्धा नाही."

साहेबांनी हातातली संदेश मिठाई संपवली, रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाले, "उद्या सकाळी या. सही करतो." त्या माणसाबद्दल मनात जे जे होतं ते मी तिथेच सोडून दिलं.

चिंचवडला पोचलो तेव्हा लीना दारातच उभी होती. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. मला तिला उचलून घ्यायचं होतं, पण तिने आधी आमच्या ट्रंका मोजल्या.

"तुम्ही परत कधी जाणार?" तिने विचारलं.

"आता जायचंच नाही," हे हसून म्हणाले. "तू आता आमच्याकडे राहायचं."

ती सासूबाईंच्या मागे गेली, त्यांचा पदर घट्ट धरला आणि रडायला लागली. आम्ही दोघं दारातच उभे राहिलो.