नारळावरची रेघ

सियाकीने चुलीतला कोळसा उचलला आणि आईने किसायला काढून ठेवलेल्या नारळावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली.

"ही वाराची रेघ. हिच्या त्या बाजूला जग एक वार पुढे असतं. आपण हिच्या या बाजूला होतो. सरकारने उचलून त्या बाजूला ठेवलं. मधला एक शुक्रवार गिळला. पण सूर्याला सरकारी हुकूम कळतो का, दादा? गुरुवारनंतर जो सूर्य उगवला तो शुक्रवारचाच. त्याला ते शनिवार म्हणाले! म्हणजे तुझा शनिवार हा खरा शुक्रवार, आणि देवाचा सातवा दिवस आला रविवारी."

"नारळावर देव शिकवू नकोस मला," इसाया म्हणाला. "जगात शनिवार तो शनिवार. रविवारीच देवळात जायचं होतं, तर शनिवारसाठी आजोबांनी गावाचे दगड कशाला खाल्ले?"

त्यांच्या आईने, फीपेने, नारळ ओढून घेतला आणि कोयत्याच्या पाठीने एक दणका दिला. रेघेवरच फुटला मेला.

"झालं? आता सरका. मला दूध काढायचंय."

सगळं सामोआ रविवार पाळायचं, तेव्हा सवाई बेटावरच्या त्या गावात हे मूठभर लोक शनिवार पाळत आणि त्याचा त्यांना ताठाही होता. मग सरकारला शेजारच्या देशांशी व्यापार सोयीचा करायचा होता म्हणून त्याने वारच बदलले. लोक गुरुवारी झोपले आणि शनिवारी उठले. त्या एका रात्रीत देवळाची मंडळी फुटली. अर्ध्यांनी कॅलेंडरचा शनिवार धरला, उरलेल्यांनी बोटं मोजून रविवार धरला. फीपेच्या अंगणात डावीकडे थोरल्या इसायाचं घर, उजवीकडे धाकट्या सियाकीचं, आणि मधल्या जुन्या, चारी बाजूंनी उघड्या घरात ती आणि लेमी. भांडण नको म्हणून नवरा-बायकोने स्वतःलाच वाटून टाकलं. ती इसायाबरोबर शनिवार पाळायची, तो सियाकीबरोबर रविवार. तरी बोलणी दोघांनी खाल्लीच.

सोमवारी लेमी तारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, वाफ्यात कोसळला. उजवं अंग गेलं, वाचाही गेल्यात जमा. चाळीसेक वर्षं मंडळीला गाणं शिकवलेला माणूस! परिचारिकेने फीपेला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार वाट बघू नका. लेमीने अर्ध्या तोंडाने एकच मागितलं. पवित्र दिवस मावळतीला लागतो, पुढच्या मावळतीला संपतो; त्या दोन्ही उंबऱ्यांवर म्हणायचं ते गीत, जे त्यानेच दोन्ही पोरांना मांडीवर घेऊन शिकवलं होतं, ते दोघांच्या तोंडून एकत्र ऐकायचं होतं.

"आज शुक्रवार. संध्याकाळी माझा दिवस लागतो," इसाया म्हणाला. "येऊ दे त्याला. मी कुठे नाही म्हणतोय?"

"आज माझा गुरुवार आहे," सियाकी म्हणाला. "दिवस आलेलाच नसताना त्याचं गीत गाऊ? बाबांसमोर, देवाला खोटं सांगू?"

"मग उद्या तू गा आणि तो येईल," फीपे सियाकीला म्हणाली.

"उद्या मी कशाला येऊ?" इसाया उसळला. "त्याच्या खोट्या दिवसाचं स्वागत करायला?"

फीपे दूध पिळत राहिली. चोथा कोरडाठक्क झाला तरी तिची मूठ सुटेना. तिला दोघांच्या थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या. पोरांची पोरं बघत होती म्हणून हात आवरला. बाप मरणाच्या दारात, आणि यांना वारांचा हिशेब सुचतोय.

शुक्रवारी सांजेला डावीकडे एकट्या इसायाच्या घरात गाणं झालं. लेमीने मान उजवीकडे वळवली, तिकडे नुसती शांतता होती. त्याने डोळे मिटून घेतले.

शनिवारी दिवसभर फीपे त्याच्या उशाशी पंखा हलवत होती. सूर्य समुद्राला टेकला. प्रार्थनेचा शंख वाजला. त्या वेळी गावात कोणी बोलत नाही, रस्त्यावर पाऊल टाकत नाही. कुत्रीसुद्धा सोय बघून बसतात.

डावीकडून गीत सुरू झालं. एरवी ती याच वेळी त्या घरात बसून स्वतः मोठ्याने गायची, त्यामुळे दुसरं काही कधी कानावर आलंच नव्हतं. आता उजवीकडूनही आवाज आला. तेच गीत, अर्धी ओळ मागे.

पंखा थांबला. इसायाचा दिवस मावळतीला संपत होता आणि सियाकीचा त्याच मावळतीला लागत होता. इतकी वर्षं दोघं एकाच घटकेला, एकाच अंगणात, एकमेकांकडे पाठ करून हेच गात होते! तिला आनंद नाही झाला. रागाने तिचं डोकंच फिरलं.

ती अंगणात जाऊन उभी राहिली.

"थांबा रे, मेल्यांनो!"

शंख वाजल्यावर असं कुणी ओरडलेलं गावाने ऐकलं नव्हतं. दोन्ही दारांत दोन घाबरी तोंडं आली.

"बाबा गेले?"

"तुमची अक्कल गेलीय. इकडे या, इथे बसून गा."

"आई, माझं हे निरोपाचं आहे," इसाया दबल्या आवाजात म्हणाला.

"आणि माझं स्वागताचं," सियाकी म्हणाला.

"मग एकाने निरोप द्या, एकाने या म्हणा. पाहुणा तोच आहे ना? दारही तेच. का बाप मेल्यावर जुळवणार आहात?"

इसायाने आभाळाकडे पाहिलं, उजेड अजून चिमूटभर होता. सियाकी आधी हलला. मग इसाया आला आणि चटईच्या दुसऱ्या बाजूला बसला. एकमेकांकडे न बघता दोघांनी गळा साफ केला.

पहिल्या कडव्याला आवाज जुळले नाहीत. दुसऱ्याला लेमीचं डावं बोट चटईवर ठेका धरू लागलं. तिसऱ्याच्या तोंडाशी ते एकदम थांबलं. वाकड्या तोंडातून शब्द काढायला त्याला वेळ लागला.

"इसाया... उशिरा."

इसाया पन्नाशीला आलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला.

"हो बाबा."

"पुन्हा... पहिल्यापासून."

सियाकीने हसू दाबलं. फीपेने पंखा उचलला आणि भराभर वारा घालू लागली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.