दोनदा वजा झालेला कोपरा

जया आली आणि माझी लाल पेन्सिल बंद पडली.

अंधेरीच्या आमच्या कंपनीत चिपचा नकाशा पाचशे पट मोठा करून कागदावर काढायचे. नवा भाग बसवायला किती जागा उरली, ते चौकोन मोजून सांगणारा माणूस मी, लवू परब. बारा वर्षं साहेब माझ्याच टेबलाशी यायचे. शहाऐंशी साली कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी एसी आला आणि तो चालवायला जया. आता साहेब बूट दाराबाहेर काढून तिच्याकडे जायचे. मी जळायचो, खोटं कशाला बोलू? त्यात ती मला 'परबकाका' म्हणायची. अडतिसाव्या वर्षी काका!

मंगळवारी तिने उरलेल्या जागेचा आकडा काढला: नऊशे चौकोन. मी सवयीने मोजलं, अकराशे चाळीस भरले. पुन्हा मोजलं, तेवढेच. मग उमगलं. नकाशात काही पट्टे राखीव असतात, तिथे काही बसवायचं नसतं. असे दोन पट्टे एका कोपऱ्यात एकमेकांवर आले होते आणि कॉम्प्युटरने तो कोपरा दोनदा वजा केला होता. मी असा कोपरा आधी लाल रंगवतो, म्हणजे तो एकदाच धरला जातो.

अंगावर मूठभर मांस चढलं. मी कोणाला बोललो नाही. शुक्रवारी बंगलोरचे गिऱ्हाईक येणार होते. त्यांच्यासमोर बाईंची फजिती होऊ दे, मग येतील साहेब झक मारत माझ्या टेबलाशी!

शुक्रवारी गिऱ्हाइकांनी हजार चौकोनांचा नवा भाग मागितला. तिच्या आकड्यावर कोणी शंकाच घेतली नाही.

"जागा नऊशेच आहे," साहेब म्हणाले. "मग असं करू, घड्याळाचा भाग काढून टाकू."

चिपमधला वेळ मोजणारा तो भाग माझा होता. चार महिने खपून हाताने काढलेला.

"साहेब, जागा आहे!" मी धावत जाऊन माझा कागद आणला, लाल कोपरा दाखवला.

जयाने पडताळून पाहिलं. "काकांचंच बरोबर आहे. चूक माझी."

"शाब्बास, परब! कधी लक्षात आलं?"

मोजणीच्या कागदावर तारीख टाकायची माझी जुनी सवय. खाली माझ्याच अक्षरात मंगळवारची तारीख होती. जयाने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि त्या तारखेवर अंगठा ठेवला.

"आत्ताच आलं असणार ना, काका?"

मी मान डोलावली. त्या अंगठ्याचा वाटला, इतका हेवा मला तिच्या कॉम्प्युटरचाही कधी वाटला नव्हता.