नांगराची निशाणी

भाट वही उघडण्याआधी तिला हळद-कुंकू वाहतो. चुनीलालच्या पानावर वंशाची ओळ थांबलेली आहे. शेवटचा शब्द: निपुत्रिक.

छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे इंग्रजी १९०० साली, माणसे जोडे न भिजवता तापी ओलांडून गेली.

खांडबारा स्टेशनच्या पॉइंट्समनला बुधवारी एक दिवसाची रजा मंजूर.

‘सदर सुकलाल हा स्वजातीय असल्याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.’

कमलने लुगड्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“दखी ले, झिपरूभाऊ,” कोर्टातला नकलनवीस दिलवरसिंग म्हणाला आणि त्याने कागद टेबलावरून पुढे सरकवला. “तुन्हा आजानं मृत्युपत्र. कोर्टनं कबूल करेल शे, मोहोर बी शे. आते कोण काय बोली?”

झिपरूने कागद दोन्ही हातांनी धरला. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, रोज लोखंडी खटका ओढून गाड्यांना वाट देणारा. पण कागद हातात आला की त्याचे हात जड होत.

गोष्ट एवढीच होती. बाप सुकलाल मागच्या साली, म्हणजे त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात वारला. धाकटी बहीण कमल सोळाची. तापीकाठच्या एका गुजर घरातून तिला मागणी आली. मुलाचे आजोबा, दोधू आबा, सोबत भाटाला घेऊन आले. रीतच तशी. सोयरीक ठरायच्या आधी भाट वहीतून दोन्हीकडच्या पिढ्या वाचतो. मुलाकडच्या अकरा पिढ्या धडाधड झाल्या. इकडची ओळ झिपरूच्या आजापाशी, चुनीलालपाशी येऊन थांबली. चुनीलाल निपुत्रिक. सुकलालचे नाव वहीत नव्हतेच.

“मंग तुन्हा बाप काय आभायमाइन पडना?” दोधू आबांनी भर बैठकीत विचारले होते. लोक हसले होते. “शुक्रवारे सकायनी गाडीवर परत येस मी. कागद दखाड, नई ते नारय परत.”

त्या हसण्यात आत चुलीपाशी बसलेली कमलही सापडली होती. झिपरूला तेच डाचत होते.

मृत्युपत्रात लिहिले होते की सुकलालला चुनीलालने नंदुरबारच्या मिशनमधून आणून पोटच्या मुलासारखे वाढवले. खाली ‘स्वजातीय’ची ओळ. त्याखाली निशाणी. चुनीलालला लिहिता येत नव्हते. तो सहीच्या जागी नांगर काढी, फाळ जरा डावीकडे वळलेला.

“पण भाट बापना सख्खा बापनं नाव इचारी,” झिपरू म्हणाला. “ते याम्हा नई शे.”

“आठेच थांब, भाऊ. जास्ती खंदू नको. पानी निंघी का साप, कोणले माहीत?”

झिपरू थांबला नाही.

मिशनच्या देवळामागच्या खोलीत प्रेमचंद मास्तर नोंदवह्या सांभाळत. पहिली वही बाप्तिस्म्यांची, दुसरी लग्नांची, तिसरी दफनांची, अशा तीन थप्प्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याची.

“मुलाचे नाव सांगू नका,” मास्तर म्हणाले. “नेणारे लोक नावे बदलत. कोणी नेले ते सांगा.”

“चुनीलाल गुजर.” झिपरूने भाटाची अडचण आणि खिशातले मृत्युपत्र, दोन्ही सांगितले.

मास्तरांचे बोट रकान्यातून खाली उतरत गेले. एका पानावर थांबले. मग त्यांनी त्या ओळीवर तळहात ठेवला.

“तुम्ही वाचता, की मी वाचू?”

“चवथीलोंग शिकेल शे मी.”

मास्तरांनी हात काढला.

नाव: सुक्या.
वय: सहाच्या सुमारास.
बाप: खात्या.
जात: भिल्ल.
राहणार: धडगावकडचा डोंगर.
बाप्तिस्मा: ३ जून १९००.
नेणार: चुनीलाल, धंदा शेती, सन १९०२. नोंद वाचून दाखवली.

खाली नांगर. फाळ डावीकडे.

झिपरूने चौथी ओळ पुन्हा वाचली. मग शेवटची.

“वाचून दाखवली म्हंजे?”

“त्या वेळच्या पाद्रीसाहेबांचा नियम होता. मूल नेणाऱ्यासमोर नोंद मोठ्याने वाचायची. एकदा नाही, दोनदा. मग निशाणी घ्यायची. पुढे कोणी म्हणू नये, आम्हाला ठाऊक नव्हते.”

म्हणजे चुनीलालने तो शब्द दोनदा ऐकला होता. ऐकून नांगर काढला होता, पोराला घरी आणले होते, आणि मरताना कोर्टासाठी दुसराच शब्द सांगून पुन्हा तोच नांगर काढला होता. त्याच चुनीलालच्या वावरात भिल्ल गडी पाणी प्यायला आले की ओंजळीत वरून धार सोडायचे काम लहानपणी झिपरूकडे असे. भांड्याला हात लागू द्यायचा नाही, हे त्याला बापानेच शिकवले होते. बापाला काय आठवत होते, काय नाही, ते आता विचारायची सोय नव्हती.

“दाखला करून देऊ?” मास्तर म्हणाले. “जातीचा रकाना मागितला तरच भरतो. बापाचे नाव तेवढे लिहितो.”

“खात्या नाव आयकताच समजी जाई त्यास्ले.”

“मग दाखला नेऊच नका. कोर्टाचा कागद खिशात आहे ना? भाटाला एखादे नाव सांगा. रूपचंद सांगा, हिरालाल सांगा. या खोलीत तपासायला कोण येणार?” मास्तरांनी वही मिटली. “मी गेली बावीस वर्षे इथे आहे. तुम्ही पहिले.”

“आनि हाऊ खात्या? तो कोठे गया?”

“तो तिसऱ्या वहीत आहे. दफन नऊ जून, त्याच साली.”

संध्याकाळी रेल्वेच्या एका खोलीच्या क्वार्टरात झिपरूने कमलला सगळे सांगितले. ती लुगडे मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

“मंग आबाले कोणतं नाव सांगशी?”

“रूपचंद.”

“रूपचंद,” कमल म्हणाली. मग पुन्हा, “रूपचंद. रोज ध्यानमा ठेवनं पडी, भाऊ. झोपमा बी. तू नाव सांगीसन झेंडा दखाडाले निंघी जाशी. नांदनं माले शे.”

“म्हंजे मोडी टाकू?”

“मोड म्हनी का मी?”

“मंग काय करू?”

“माले काय इचारस? कागद तू वाचेल शे.” तिने पाठ फिरवली. मग भिंतीकडे तोंड करूनच विचारले, “तो धाकला व्हता ना, आपला बाप? सहा वरीसना?”

“हा.”

तिने लुगड्याची घडी पुन्हा मोडली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने दोधू आबा आणि भाट उतरले. आबांनी चष्मा लावून मृत्युपत्र वाचले, मोहोर उन्हात धरून पाहिली आणि मांडीवर थाप मारली.

“स्वजातीय! दख, कोर्टनं लिखेल शे. मी म्हनत नव्हतू का, पोरगी खानदानी दिखस? रागे भरू नको, झिपरूभाऊ. म्हातारा मानूस शे मी, इचारनं पडस. लिख रे भाट!”

भाटाने वहीला हळद-कुंकू वाहिले. चुनीलालचे पान उलटून नवे पान काढले. बोरू शाईत बुडवला.

“सुकलाल,” त्याने म्हणत म्हणत लिहिले. “बापना बाप?”

झिपरूच्या जिभेवर रूपचंद तयार होता. त्याने दाराकडे पाहिले. कमल उंबऱ्याच्या आत उभी होती. ती मान हलवत नव्हती, डोळे वटारत नव्हती. नुसती ऐकायला उभी होती.

“खात्या,” झिपरू म्हणाला.

हाताच्या सवयीने भाटाने ‘खा’ काढला आणि बोरू थांबला.

“हाई काय नाव शे?” दोधू आबांनी विचारले.

“मन्हा आजानं.”

“कोठला तो?”

“धडगावकडला. डोंगरमाधला.”

आबांनी कोर्टाचा कागद अजून हातात धरला होता. त्यांनी तो एकदा पाहिला, घडी घातली आणि खाली ठेवला. मग पागोटे नीट केले. नारळ उचलला. गाडी परतायला तीन तास होते, तरी ते स्टेशनच्या बाकावर जाऊन उन्हात बसले.

भाट मागे रेंगाळला. वंशाच्या वहीत खोडत नाहीत, पान फाडत नाहीत. त्याने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, वही कापडात बांधली आणि गेला.

“भाऊ,” कमल म्हणाली, “तुन्ही ड्यूटीनी येळ व्हयनी.”

छप्पन्याच्या त्या दुष्काळात धडगावाहून नंदुरबारपर्यंत खात्या चार दिवस चालला. त्याच्या खांद्यावरचा सुक्या एक पाऊलही चालला नाही.